हलके बूट

कामिनीने पायातले बूट काढून पायरीवर आपटले. "हे बूट आहेत का धोंडे? अर्धा खेळ नाही झाला तर पाय उचलता उचलेना."

मनोहररावांनी एक बूट उचलून हातात तोलला. चांगला दणकट, वॉटरप्रूफ बूट होता. गेल्याच वर्षी दोघांनी मिळून घेतला होता आणि तेव्हा तिला तो जड वाटला नव्हता. पण आता वाटतोय म्हणते तर वाटत असेल, असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि स्वयंपाकघरातून तिचा वजनकाटा आणला. रव्याचे लाडू करताना ती साखर मोजायची तो. त्यावर बूट चढलेला बघून कामिनी ओरडली, "अहो! त्याच्यावर मी खायचं मोजते!"

"धुऊन देतो मी. पण आपल्याले कळलं तर पाहिजे ना, नवा घ्याचा तर किती हलका घ्याचा ते."

मनोहररावांचा सगळा स्वभावच असा. सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत, टायर विभागात गेली. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची, दाबून बघायची, मग बोलायचं. कामिनी कोराडीच्या वीजकेंद्रात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. उमरेडच्या विणकराची मुलगी, बीएस्सी होऊन नोकरीला लागलेली घरातली पहिली. निवृत्त झाल्यावर तिची मैत्रीण मोनाली तिला एकदा गोल्फ कोर्सवर घेऊन गेली, नुसती हवा खायला म्हणून. बायकांना शिकवायचा एक वर्ग तिथे नुकताच सुरू झाला होता. कामिनीने काठी हातात घेतली, चेंडू मारला आणि तो चांगला लांब जाऊन पडला. त्या दिवशी घरी आली ती लाल चेहऱ्याने, हसतच.

नात्यात हसू झालंच. "आता कामिनी साहेबीण झाली," असं तिच्या भावजया म्हणाल्या. तिने मनावर घेतलं नाही. दर गुरुवारी सकाळी बायकांचा गट खेळायचा. मनोहरराव खेळत नसत, पण तिच्यासोबत पूर्ण मैदान चालत. पाण्याची बाटली आणि फुटाण्यांची पुडी त्यांच्याकडे असे. तिचा चेंडू गवतात हरवला की शोधायचा तो त्यांनीच. त्यांना खेळातलं फारसं कळत नव्हतं. ती चालताना पुढे असायची आणि मागून तिची ती ताठ, झपझप चाल बघत जायला त्यांना आवडायचं.

तर बूट. सदर भागात खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे विक्रम नावाचा मालक स्वतः काउंटरवर असतो. त्याने आठ-दहा जोड काढून मांडले.

"मॅडम, लेडीजमध्ये माल कमी येतो. पण हे बघा, जाळीचे आहेत, एकदम हलके. खाली खिळे नाहीत, रबराचेच दाणे आहेत. दिवसभर घातले तरी पाय दुखणार नाही."

कामिनी एकेक जोड घालून दुकानात फिरली. मनोहरराव जमिनीशी वाकून अंगठ्याने पुढचं टोक दाबत होते. अर्धा इंच जागा हवी, टाच हलायला नको, वाकवला तर बोटांपाशी वाकला पाहिजे, मधे नाही. तिची नजर मात्र पुन्हा पुन्हा वरच्या फळीवर जात होती. तिथे पांढऱ्या कातड्याचा एक जोड होता, टाचेवर तपकिरी पट्टी, तळाला खरे खिळे, जुन्या पद्धतीचा.

"तो दाखवू?" विक्रमने विचारलं.

"नको नको, तो तर वीट असंन." ती जाळीचे घेऊन बाहेर आली. रस्त्यावर चालताना म्हणाली, "पाय नाहीतच असं वाटून राहिलं. मस्त!"

तो आनंद उन्हाळा लागेपर्यंतही टिकला नाही. ती अडखळायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर. "तळवा घसरतो," ती म्हणायची, किंवा "गवत नीट कापलं नाही यांनी." मनोहररावांनी एका दुपारी बूट धुवायला घेतले आणि सवयीने उलटे करून तळवे बघितले. डावा जसाच्या तसा होता. उजव्याचं पुढचं टोक मात्र घासून गुळगुळीत झालं होतं, रबर जाऊन आतलं कापड दिसत होतं.

ते पायरीवर बसले. गाडीचा एकच टायर एकाच बाजूने झिजून आला, तर ते पोरांना सांगायचे, टायर बदलून काही होणार नाही, आधी चाक बघा. हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं. आता त्या गुळगुळीत टोकावरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला, आणि मग आत जाऊन म्हणाले, "कामिनी, याचा तळवाच बेकार आहे वं. दुसरे घेऊ. याच्याहून हलके मिळतात."

दुसरे घेतले. विक्रमने मुंबईहून मागवून दिले. फुलासारखे हलके होते. ते घालून कामिनी घरातल्या घरात, फ्रिजपासून ओट्यापर्यंत जाताना पडली. दूध सांडलं, ओठ फुटला. तिने उठायला हात मागितला नाही. खाली बसूनच त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बूट नाही जी हे. मी बुटाले नावं ठेवून राहिली इतके दिवस. पाय माझं ऐकून नाही राहिला."

"मले माहीत होतं," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी फडक्याने दूध पुसलं.

तपासण्या झाल्या. सुया टोचून नसांची तपासणी झाली, मशीनमध्ये झोपवून पाठीचे फोटो निघाले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. पायापासून सुरुवात झाली आहे, हळूहळू वर जाईल. हात, मग बोलणं, गिळणं, श्वास. थांबवणारं औषध नाही.

कामिनीने प्रयोगशाळेतल्या माणसासारखे प्रश्न विचारले. किती वेगाने, किती दिवसांत, खात्री कितपत. मनोहररावांनी एकच विचारला. "आधी आणलं असतं तर?"

"तर आधी कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. "बाकी काही बदललं नसतं."

हे ऐकून माणसाला हायसं वाटायला हवं. मनोहररावांना वाटलं नाही. लिफ्टमध्ये कामिनीने त्यांचा हात धरला आणि तळमजला येईपर्यंत सोडला नाही.

मुलगी मिनल पुण्याहून आली, राहिली, गेली, पुन्हा आली. घरात पलंग बदलला, न्हाणीघरात दांडे बसले. आधी काठी आली, मग चाकाची खुर्ची. पावसाळाभर कामिनी खिडकीशी बसून राही. गुरुवारी मोनाली खेळून आली की थेट इकडे यायची, घामेजलेलीच, आणि कोणी कसा मारला ते सगळं सांगायची. कामिनीची जीभ जड होत चालली होती, पण चुका ती अजून काढायची. "तू... खांदा... काहून उचलते?" मोनाली खो खो हसायची आणि बाहेर जाऊन गाडीत रडायची. मनोहररावांनी तिला बघितलं होतं.

दसऱ्याच्या आधी एके दिवशी कामिनी त्यांना म्हणाली, "सदरले चाला."

"काय घ्याचं?"

"बूट."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती हळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ते पांढरे. खिळ्याचे. आता... मले चालाचं थोडीच आहे. वजनाचा काय प्रश्न?"

आणि हसली. मनोहरराव आत गेले, नळ सोडला, तोंड धुतलं, गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले.

दुकानाला पायरी होती. विक्रमने धावत येऊन दोन गिऱ्हाइकांच्या मदतीने खुर्ची आत उचलून घेतली. तो पांढरा जोड फळीवर नव्हता, मागच्या गोदामात गेला होता. तो शोधून आणेपर्यंत कामिनी काचेतले चेंडू बघत बसली. मनोहररावांनी गुडघे टेकले. पाय आता इतके ढिले झाले होते की बोटं आत वळत होती. एक हात बुटात घालून त्यांनी एकेक बोट सरळ केलं, टाच बसवली आणि नाड्या बांधल्या. सवयीने अंगठ्याने टोक दाबलं.

"टोचते का कुठं?"

"नाही."

"सैल?"

तिने मान हलवली. आरशात बघायचं होतं तिला. विक्रमने आरसा खाली ठेवून तिरपा धरला. बूट छान दिसत होते. मांडीवरचा पदर जरा बाजूला करून ती बघत राहिली. नवी साडी नेसल्यावर बघायची ना, तशी.

"भारी आहेत," ती म्हणाली. "जमिनीवर असल्यासारखं... वाटते."

पुढच्या गुरुवारी ते कोर्सवर गेले. मोनालीने बॅटरीची गाडी सांगून ठेवली होती. सकाळचं धुकं नुकतं उठत होतं आणि बायका उगाच मोठ्याने बोलत होत्या. पहिल्या होलपाशी, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या कडेला, कामिनीने हाताने खूण केली, खाली उतरवा.

एका बाजूने मोनाली, दुसऱ्या बाजूने मनोहरराव. तिला उभं केलं. तिचं वजन आता काहीच उरलं नव्हतं. पण खिळे गवतात रुतले आणि पाय जागेवर राहिले, घसरले नाहीत. मनोहररावांनी मागून तिच्या कमरेला हात घातला, तिच्या हातांवर आपले हात ठेवून काठी धरली. आयुष्यात पहिल्यांदा ते चेंडूसमोर उभे होते.

"डावीकडं... उतार आहे," ती पुटपुटली. "जोरात नका मारू."

त्यांनी जोरातच मारला. चेंडू भोकाच्या बाजूने सुटला आणि पार उतारावरून खाली वाळूत गेला. मग त्यांच्या छातीशी टेकलेली तिची पाठ गदगदा हलायला लागली. ते घाबरले. वाकून बघितलं तर ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, तिला आता जमायचं तसं, आवाजाविना.

दिवाळी झाली. थंडी पडली तसा तिला कफ सुटेना. दवाखान्यात श्वासाची नळी घालायची नाही हे तिने आधीच मिनलला बजावून ठेवलं होतं. एका सकाळी मिनल तिचे केस विंचरत असताना ती गेली. मनोहरराव गॅसवर पाणी तापवत होते. मिनल दारात येऊन उभी राहिली, तेवढ्यावर त्यांना कळलं.

उमरेडहून माणसं आली, कोराडीची जुनी माणसं आली. गर्दी ओसरल्यावर मिनलने कपाट आवरलं. साड्या मावशीकडे गेल्या. पांढरे बूट तिने हातात धरून बापाकडे बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"मी कुठं काही म्हटलं, बाबा?" तिने ते कपाटात परत ठेवले. "तुम्ही पुण्याला चला ना."

"येईन. आत्ताच नाही."

मोनाली मात्र गप्प बसली नाही. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दाराशी येऊन तिने हॉर्न वाजवला. "चाला, मनोहरराव. नुसतं चालाले चाला. घरात बसून काय करता?"

ते गेले. चौघी बायका खेळत होत्या आणि ते थोडे मागून चालत होते. दोन होल बरे गेले. तिसऱ्याच्या वाटेवर एकीचा चेंडू उंच गवतात गेला. सवयीने ते शोधायला वळले, चार पावलं आत गेले, चेंडू दिसलाही. तो उचलून त्यांनी पुढे बघितलं, कोणाला द्यायचा म्हणून. पुढे सगळ्या पाठी अनोळखी होत्या. एकीचीही चाल तशी नव्हती.

ते तिथेच, ओल्या गवतात बसले आणि रडले. घरी इतक्या माणसांत त्यांना ते जमलं नव्हतं. मोनाली परत आली. तिने त्यांना उठवलं नाही, समजावलं नाही, शेजारी बॅग आडवी टाकून तिच्यावर बसली. बाकीच्या तिघीही थांबल्या.

मागून पुरुषांचा एक गट येत होता. त्यांनी लांबून विचारलं, काय झालं, खेळ का थांबला. मोनालीने हात वर केला आणि त्यांना पुढे जायची खूण केली. ती माणसं एकेक करून गवताच्या कडेने पुढे निघून गेली.