मामांच्या रुमालाचा चहा

दुसऱ्याच्या डोळ्यातला कण काढला की मामांना एक चहा मिळायचा. शिवाय ज्याचा कण निघाला तो पुढचे दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलायचा, हा फायदा वेगळा. लेथ चालवणारे मामा म्हणजे आमच्या वर्कशॉपचे डोळ्यांचे डॉक्टर. हत्यार एकच, पिळून टोकदार केलेला रुमाल. त्याच रुमालाने ते घामही पुसायचे, पण एवढी चौकशी कोण करतो?

त्यामुळे स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी सगळ्यांना गॉगल वाटले, तेव्हा मामांच्या पोटात दुखणं साहजिकच होतं. सगळे घालायला लागले तर दवाखान्याला टाळं. काचेवर वाफ धरते, नाक चिमटतं, असा प्रचार त्यांनी सुरू केला. स्वतःचा गॉगल ते कपाळावर चढवून ठेवायचे. ताईंनी हटकलं, तर म्हणाले, लावलाय ना, मग झालं.

मंगळवारी सकाळी मामा टूलला धार लावायला ग्राइंडरवर गेले. अर्ध्या मिनिटाचं काम, म्हणून गॉगल कपाळावरच. सटकन काहीतरी उजव्या डोळ्यात गेलं. ते डोळा चोळणार, तोच ताईंनी मनगट धरलं.

फिटर धावत आला तो रुमाल पिळतच. मामांनी त्याच्याकडून आजवर चौदा चहा उकळले होते. आज वसुलीचा दिवस. मामाही स्टुलावर बसून मान मागे टाकून तयार.

ताईंनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. बुबुळावर बारीकसा ठिपका होता. मामांनी पापण्यांची उघडझाप केली तरी तो जागचा हलेना.

"सुटी धूळ असती तर स्वच्छ पाण्याने धुतली असती," ताई म्हणाल्या. "हा रुतलाय. रुतलेल्याला आपण हात लावायचा नाही."

"चाळीस वर्षं काढतोय मी."

"मग काढून घ्या. दुसरा डोळा आहेच."

मामांनी फिटरच्या रुमालाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत रुमाल पहिल्यांदाच समोरून येत होता. त्यावर तेल होतं, लोखंडाचा कीस होता आणि कालचा घाम. "गाडी काढ," ते फिटरला म्हणाले.

ताईंनी कोरा कागदी कप डोळ्यावर पालथा घातला, डोळ्याला कुठेही टेकणार नाही असा, आणि पट्टीने चिकटवला. दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगितलं. एक फिरला की दुसराही फिरतो.

"घ्या मामा," फिटर म्हणाला, "कप तर मिळाला."

डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि कण काढला. कोणी चोळलं नाही, खोदलं नाही, म्हणून नजर वाचली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामांनी जाता जाता त्यांना चहा विचारला. रीत ती रीत.

परतल्यावर मामांनीच नियम काढला: ज्याचा गॉगल कपाळावर दिसेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. बुडालेला धंदा असा वर काढायचा त्यांचा बेत होता. पण उघड्या डोळ्यांनी काम करायची चाळीस वर्षांची सवय.

पहिल्या महिन्यात एकाच्याही डोळ्यात कण गेला नाही. चहा अकरा वेळा झाला. दोनदा फिटरने पाजला, नऊ वेळा मामांनी.