उघाडीची वरची फळी

“खावा! खावा ना आता! तुमीच पिकवलंय ना?”

कमळाबाईने चिमूटभर मीठ भिवाच्या ताटलीत टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तांदळाची भाकर, हिरवी मिरची आणि मीठ, एवढंच जेवण. भिवाने तुकडा मिठाला लावला आणि तोंड वाकडं न करता गिळला. पण नाकाला कोण फसवणार? मिठाला घासलेटाचा वास येत होता.

“येतोय वास?”

“येतोय.”

“मंग गपचूप गिलताय काय? वरडा ना कोनावर तरी!”

कोणावर ओरडायचं, हीच तर पंचाईत होती. सगळा दोष येऊन जाऊन भिवाच्याच हाताचा निघत होता.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत कसलं पीक नि कसलं पाणी. अहो, परळ-लालबागच्या गिरण्यांतून मान वर काढा आणि वडाळ्याच्या पलीकडे, अँटॉप हिलच्या पायथ्याशी या. इथं मीठ पिकतं. नांगर नाही, बैल नाही, आपले पाय हेच औत. पाऊस सरला की मिठागराचे वाफे पायांनी तुडवायचे, दिवसच्या दिवस तुडवायचे, भुई अशी घट्ट करायची की फावड्यानं मीठ ओढताना चिखलाचा कण वर येता नये. मग उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं. उन्हानं पाणी आटतं, मीठ खाली उरतं. भिवाच्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं.

खाडीचं पाणी आत येतं ते उघाडीतून. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, एकावर एक फळ्या बसवलेला. बापानं भिवाला लहानपणीच बजावलं होतं, काढायची ती वरची फळी. खालची काढलीस तर तळाचा गाळ आत घेशील आणि वर्षाचं मीठ काळं करशील. भिवाने जन्मभर ते पाळलं. माघाच्या पुनवेच्या उधाणालाही पाळलं.

उजाडता उजाडता त्याने वरची फळी काढली. पाणी आत आलं ते किती गुमान, एक तरंग नाही. भिवाला बरंच वाटलं मेलं! ऊन वर आलं तशी पाण्यावर जांभळी-हिरवी साय चमकायला लागली, आणि कमळा बांधावरून किंचाळली. धावत जाऊन फळी बसवली, पण तोवर सगळे वाफे भरले होते. तेल वरून तरंगत आलं होतं आणि भिवाने त्याला वरचाच दरवाजा उघडून दिला होता.

खाडीच्या पलीकडे तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्याला चार-पाच वर्षं झाली होती. कुठली बोट गळली, कोणाचा नळ फुटला, देव जाणे. ज्याला विचारलं तो म्हणाला, आमचं नव्हे.

आगराचा शिलोत्री, म्हणजे सरकारकडून आगर घेऊन पिकवणारा, परळचा हर्बर्टबाबा. इथलाच, मुंबईचा जुना ख्रिस्ती. बोलणं भिवा-कमळासारखंच, फक्त डोक्यावर टोपी साहेबाची. माणूस वाईट नव्हता, पण मेटाकुटीला आला होता. आगराचं सगळं मीठ शिवडीच्या कोळीवाड्यातली मीराबाई घेई, सुक्या मासळीसाठी. या खेपेला तिनं मूठभर मीठ हुंगलं आणि परत ढिगावर फेकलं.

“हर्बटबाबा, हे मासलीला लावू का कंदिलात घालू?”

ती गेल्यावर हर्बर्टबाबा बांधावरच बसला. म्हणाला, “भिवा, मीराबाय मीठ घेल तर आगर ठेवीन. नाय तर भरावाला देतो बाबा. कॉलनीसाठी जमीन मागतायत, मागं लागलेत माज्या. वैशाख लागला का तिला परत आनतो. तवर पांढरं मीठ दाखव.”

भराव म्हणजे आगरही गेलं, आणि आगराच्या कडेची झोपडीही गेली. भिवा रात्रंदिवस त्याच एका विचारात होता. भाकरीवरचं ते मीठ गिळलं, हात धुतले आणि त्याने फावडं उचललं.

“थोरला वाफा खरवडतो.”

कमळाने फावड्याचा दांडा धरला. “डोकं फिरलंय? तुमच्या आज्यानं तुडवलेली भुई ती! मामंजी सांगायचे, इतकी घट्ट भुई अख्ख्या वडाल्यात नाय.”

“तीच भुई त्याल पिऊन बसलीय गो. कितीबी पानी बदल, वास जायचा नाय.”

“आनि नवी तुडवनार कोन? आपन दोघं?”

“आपन दोघं.”

थोरला वाफा खरवडताना भिवा रडला. उगीच कशाला लपवा, ढसाढसा रडला. थरामागून थर निघत होता आणि प्रत्येक थराला तोच वास. खाली स्वच्छ करडी माती लागली तेव्हा कुठं त्याने फावडं टाकलं. मग दोघं तुडवायला लागली. दुसऱ्या दिवशी शेजारचा कोंडीराम आला, त्याच्यामागून वस्तीतली पाच-सात बायामाणसं आली. कोंडीराम म्हणजे एकही मोर्चा न चुकवणारा गडी. तुडवताना गाणी म्हणायची रीत, पण या साली गाणं कोणाच्या तोंडात येईना. तेव्हा कोंडीरामनेच सुरू केलं.

“मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...”

“झालाच पाहिजे!”

‘झालाच’ला डावा पाय, ‘पाहिजे’ला उजवा. चार वर्षं घसा फोडून दिलेली घोषणा, पायांत आपोआप बसली. तेलानं टाचांच्या भेगा चिघळल्या होत्या, तरी कमळा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

“झाला रं झाला,” कोंडीराम धापा टाकत म्हणाला. “आता मुंबई आपली व्हनार, ठरलंय! मंग कोनाची टाप हाय आपल्या खाडीत त्याल सोडायची?”

भिवाला ते खरं वाटलं. खरं वाटावं अशी त्याची फार इच्छा होती.

पाडव्याच्या आधीच्या अवसेला उधाण आलं. खाडीवर तेलाची साय होतीच. भिवा बांधावर उभा राहिला, मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. तेल वर तरंगतं, मग पाणी तळाचं घ्यायचं. गाळ येईल तर येवो, गाळ बसतो तरी. कमळा दोर धरून उभी होती. पहिल्या बुडीला फळी हलेना. दुसऱ्या बुडीला तो इतका वेळ वर आला नाही की कमळाने सगळ्या देवांना हाका मारल्या. मग पाणी खळखळलं. तळाची फळी घेऊन भिवा वर आला, ते डोकं, डोळे, मिशा सगळं काळंकुट्ट.

“आलं का पानी?” डोळे न उघडता त्याने विचारलं.

“आलं. गढूल हाय. पन साय नाय वो, साय नाय!”

गाळ बसू दिला, निवळलेलं पाणी हळूच थोरल्या वाफ्यात सोडलं, आणि चैत्राच्या उन्हानं आपलं काम केलं. मीठ आलं. ढीग छोटा होता, पण पांढरा होता. कमळाने जिभेवर खडा ठेवला आणि भिवाच्या पाठीत धपकन बुक्की मारली.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी हर्बर्टबाबा मीराबाईला घेऊन आला. वस्तीत गुलाल उडत होता. कोंडीराम फेटा बांधून शिवाजी पार्कला निघाला होता, आणि भिवानेही यावं म्हणून खोळंबला होता. मीराबाईने ढिगातून खडा उचलला, हुंगला, चाखला. पुन्हा एक उचलला.

“चांगलं हाय,” मीराबाई म्हणाली. “देवाशपत, लई चांगलं हाय.”

“मंग कवा नेतंस, मावशे?” कमळाने विचारलं.

मीराबाई बांधावर बसली, आपल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आत ताजे बोंबील होते, सकाळीच जाळ्यातून काढलेले.

“हुंग गो.”

कमळा वाकली आणि तशीच मागं सरली. घासलेट.

“लालबागच्या बाजारात बसते मी, तीस वरसं झाली. काल गिऱ्हाइकानं मासली तोंडावर फेकून मारली माज्या. पोरांनी जाली वलनीवर टांगलीत.” तिनं पदर डोळ्यांना लावला. “मीठ तुजं सोन्यासारखं हाय बाये. पन ते लावू कशाला?”

हर्बर्टबाबाने टोपी काढून हातात घेतली, किती वेळ नुसती फिरवत राहिला.

“उद्यापासनं खडीच्या गाड्या येतील, भिवा,” तो शेवटी म्हणाला. “मला माप कर बाबा.”

मागून कोंडीराम ओरडत आला. “चल रं भिवा! मुंबई आपली झाली!”

कमळा गर्रकन वळली. “झाली ना? मंग जा, आनि खाडी कोनाची झाली तेवढं इचारून ये!”

कोंडीरामचा गुलालाचा हात तसाच राहिला.

मीराबाईने मूठभर मीठ पदराला बांधलं, भाताला होईल म्हणाली, आणि गेली. भरती चढायला लागली होती. भिवा उठून उघाडीकडे गेला. फळ्या दाबून बसवल्या, सांध्यांना चिखल लिंपायला लागला.

“आता कशाला वो?” कमळा म्हणाली. “उद्या तर बुजवनार.”

“उद्या ना?” भिवा म्हणाला. “मंग आज नको त्याल आत यायला.”

कमळा मग पदर खोचून खाली उतरली आणि त्याच्या हाताशी चिखलाचे गोळे करून द्यायला लागली.