हिरवा डोळा आणि पायाचा अंगठा

रविवारी सकाळी मावशीच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते, मधल्या सुट्टीतल्या गर्दीतून वाट काढायची मला सवय आहे, तरी आत शिरताना एका बाईच्या पायावर पाय पडलाच.

"हळू गं!" ती दटावून म्हणाली. "ते बघताहेत ना!"

बघत होते ते माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि ते बघत होते त्यांच्या जुन्या रेडिओतून. सागवानी पेटीचा, कापडी जाळीचा तो व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ काकांचा जीव की प्राण होता. ते गेले तेव्हाच त्याचाही आवाज गेला. गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाच्या दिवशी मावशीने सहज बटण फिरवलं. आवाज आला नाही, पण काचेच्या पट्टीवरचा गोल हिरवा दिवा डोळ्यासारखा उघडला. मावशी ढसाढसा रडली आणि शेजारच्या शिंपीणकाकूंना म्हणाली, "हे बघताहेत हो माझ्याकडे!" शिंपीणकाकूंच्या कानावर गेलेली गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. चौथ्या दिवशी लहरीबाबा नावाचे एक बुवा दारात हजर. बंद दाराआड त्यांनी रेडिओची शुद्धी केली, शेजारी बैठं स्टूल मांडलं, आणि दर रविवारचा दरबार सुरू झाला.

"आत्मा म्हणजे लहर!" गुडघ्यांवरून पायघोळ शाल पांघरून बसलेले बाबा सांगत होते. "लहर म्हणजे कंपन! आणि कंपन म्हणजे..." ते जरा अडले. "कंपन म्हणजेच लहर!"

लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी बटण फिरवलं. "थांबा. आत्म्याला चढायला वेळ लागतो."

व्हॉल्व्हला तापायला लागतो तेवढाच वेळ लागला. हिरवा डोळा उमलला.

शिंपीकाकांनी हात जोडून विचारलं, "साहेब, दुकान रस्त्यापलीकडे हलवू का?"

बाबांनी डोळे मिटले. इकडे हिरव्या दिव्याच्या दोन्ही कडा सरकत सरकत एकमेकींना भिडल्या.

"डोळा मिटला! हो म्हणाले!" खोलीभर हुंकार उठला.

मग मावशी पुढे आली. तिचा एक डोळा कधीचाच निकामी झाला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि आता उशीर केला तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं.

"अहो," मावशी रेडिओला म्हणाली, "डोळ्याचं करून घेऊ का?"

हिरवा डोळा टक्क उघडाच राहिला.

"स्पष्ट नकार!" बाबा म्हणाले. "ज्याची आतली दृष्टी उघडली, त्याला बाहेरची हवी कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भर गर्दीत मावशीशी वाद घातला असता तर तिने मलाच घराबाहेर काढलं असतं, म्हणून गप्प बसले.

दुपारी घर रिकामं झाल्यावर मावशी फोनकडे निघाली. "दवाखान्यात कळवून टाकते, येत नाही म्हणून."

"मावशी, काका नुसतेच बघतात. बोलत का नाहीत?"

ती थांबली. "तेच तर दुःख आहे गं. वर्षभर या घरात आवाज नाही."

"बोलते केले तर? मग त्यांच्याच तोंडून ऐक. तोवर फोन करू नकोस."

"पण मागची फळी काढावी लागेल ना? यांचा नियम होता, रेडिओच्या मागे कुणी हात घालायचा नाही. मी इतक्या वर्षांत कधी मागून धूळसुद्धा पुसली नाही."

"का होता तो नियम?"

"ते कुठे सांगितलं? आमच्याकडे कारणं सांगायची पद्धत नव्हती."

"अगं, प्लग काढला तरी आत काही वेळ वीज साठून राहते. हात लावला तर जबर झटका बसतो. तुम्हाला जपायचे ते, एवढंच."

कारण काकांबरोबर गेलं होतं आणि नियम तेवढा घरात राहिला होता. या नियमामुळेच बाबांच्या दरबारात रेडिओच्या मागे डोकावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मग आता?" तिने विचारलं.

"प्लग काढते. तू चहा टाक."

चहा सावकाश पिऊन झाल्यावर मी फळी काढली. आत धुळीची गोधडीच होती. ती झटकली, प्लग पुन्हा लावला आणि हात पाठीमागे बांधून नुसतं बघत राहिले. काचेच्या नळ्या एकेक करून आतून लालसर उजळल्या. सगळ्यांत लठ्ठ नळी मात्र काळोखीच राहिली. आवाजाला बळ देऊन कर्ण्यापर्यंत पोचवायचं काम तिचंच. ती मेली तर रेडिओ मुका होतो, पण हिरव्या दिव्याचं तिच्यावाचून अडत नाही.

"मावशी, अशी नळी मिळायला हवी."

"असल्या बाटल्या ना? एक यांच्या लोकरी मोज्यात आहे." ती चाचपडत कपाटापाशी गेली आणि मोजा छातीशी धरून परत आली. "मला वाटलं, आठवण म्हणून ठेवलीय."

पुन्हा प्लग काढला, पुन्हा थांबलो, नळी बदलली. बटण फिरवल्यावर आधी घरघर, मग चणे फुटाणे भाजल्यासारखी खरखर. आवाजाची खुंटी चारदोनदा मागेपुढे फिरवल्यावर खरखर विरली आणि अगदी बारीक, पण स्वच्छ माणसाचा आवाज आला. मावशीने टेबलाची कड घट्ट धरली. मग ती रडता रडता हसली.

"अगं, हा तर बातम्यावाला!"

ती डोळे पुसायला आत गेली, तेवढ्यात मला वायर दिसली. काकांची एरियलची तार छपरावरून यायची. ती कौलं बदलताना तुटली होती. ती जिथे खोचायची त्या भोकात आता एक नवी कोरी लाल वायर खोचलेली होती. ती टेबलाच्या पायामागून सतरंजीखाली गेली होती आणि बाबांच्या स्टुलापुढे तिचं टोक सोलून उघडं ठेवलं होतं. मी त्यावर बोट टेकवलं. बातम्यावाला एकदम गरजला, आणि हिरवा डोळा गपकन मिटला. मी बोट उचललं. डोळा उघडला.

"रविवारी बाबांना आधी सांगायचं नाही," मावशी बाहेर येत म्हणाली. "एकदम लावू. केवढे खूश होतील!"

मी इतक्या पटकन हो म्हटलं की तिलाही नवल वाटलं.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. मी रेडिओच्या बाजूला, आवाजाच्या खुंटीजवळ उभी राहिले. शिंपीणकाकूंनी विचारलं, "धाकट्याचं लग्न यंदा जमेल का हो?"

बाबांनी डोळे मिटले. शाल किंचित हलली. डोळा मिटत आला, मी खुंटी पिळली, आणि काका कडाडले, "पोट फुगलेल्या म्हशीला आधी उभं करावं! बसू देऊ नये!"

शिंपीणकाकूंचा आ वासला. बाबा स्टुलावरून उडाले आणि आवाज डासाएवढा झाला.

"म्हशीला?" शिंपीकाका म्हणाले. "लग्नाचं काय?"

"आत्मा आज... खेळकर आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. सवयीने पाय जागेवर गेला.

"तिच्या डाव्या कुशीला जोरात चोळावं!" रेडिओ ओरडला.

हसू आधी कोपऱ्यात फुटलं, मग खोलीभर. मी सतरंजी उचलली आणि लाल वायर सगळ्यांना दाखवली. "लहर आहे, हे बाबांचं खरंय. पण ती रेडिओ केंद्राची, आणि तिथे आत्ता शेतकऱ्यांचा कार्यक्रम चाललाय. एरियल तुटल्यामुळे ती क्षीण येते, म्हणून डोळा उघडा राहतो. वायरला माणसाचं अंग लागलं की अंगच एरियल होतं, लहर जोरात येते, डोळा मिटतो. केंद्र नीट लागलंय की नाही हे कळावं म्हणून कारखान्यानेच बसवलाय तो. बाबांचा अंगठा टेकला की 'हो', उचलला की 'नाही'."

"ही वायर माझी नव्हे! आत्म्याची आहे!"

"आत्म्याला लाल रंग आवडतो वाटतं," शिंपीकाका म्हणाले.

बाबा उठले, पण जायचं कसं? त्यांच्या वहाणा चपलांच्या त्या डोंगराच्या तळाशी. अख्खी गल्ली बघत असताना लहरीबाबा चार पायांवर रांगत वहाणा उपसत होते. एकच सापडली. ती घेऊनच पळाले.

मग ज्याने त्याने अंगठा टेकवून बघितला. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळ्यांनाच काका हो म्हणत होते. शिंपीकाका तेवढे गंभीर झाले. "म्हणजे दुकानाचं 'हो'सुद्धा अंगठ्याचंच? बरं झालं, पाटी उतरवली नाही."

मावशी मात्र रेडिओकडे तोंड करून बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"म्हणजे हे इथे नव्हतेच," ती म्हणाली.

"नव्हते गं, मावशी."

तिने पदराने नाक पुसलं. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. हे, आणि नुसतं हो-नाही? खुर्ची कुठे ठेवू विचारलं तर अर्धा तास बोलायचे!"

ती उठली, चाचपडत स्टुलावर जाऊन बसली, पायातली सपात काढली. "कुठाय गं ती वायर?"

मी तिचा पाय धरून टोकाशी नेला.

"ऑपरेशन करू का?" मावशीने खणखणीत आवाजात विचारलं आणि अंगठा गच्च दाबला. हिरवा डोळा मिटला. "बघा, हो म्हणाली."

"कोण?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"कोण म्हणजे? मी!"

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मावशी घरी आली, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि स्टुलाकडे बघून हसायलाच लागली. "त्या बाबाला माझा डोळा का नको होता ते आता कळलं. इथून शालीखालचा अंगठा लख्ख दिसला असता!"

तेव्हा वाचकहो, कुणी तुम्हाला 'डोळे मिटून विश्वास ठेवा' म्हणालं, तर आधी त्याच्या पायाकडे बघा. नियम सांगितला तर कारण विचारा. चमत्कार दाखवला तर मागची फळी काढा. फक्त त्याआधी प्लग काढायला विसरू नका.