गुलाबाच्या आळ्यातली कॉफी

माघ सरत आला होता. चिखलदऱ्याच्या कड्यांवरून उतरणारं सकाळचं ऊन दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं फिकट होतं, मंदप्रभ होतं. नीलधूसर दऱ्यांच्या ओंजळींत धुकं अजून पेंगत होतं, आणि सागाच्या कोरड्या पानांवरून वारा पाय ओढत चालला होता.

त्या उन्हात, अंगणाच्या पायरीवर, त्र्यंबकराव कॉफीचा चोथा वाळत घालत होते.

कृष्णवर्णी, ओलसर, गंध हरवत चाललेला चोथा. थोडा गुलाबांच्या आळ्यांत पसरायचा, थोडा वाळवून तेलकट कढया घासायला ठेवायचा, थोडा वाटीत घालून कपाटातला कुबट वास घालवायचा. ही सारी रीत कुमुदिनीची, त्यांच्या पत्नीची. शाळेतली नोकरी संपवून ते तिच्यासह या शीतल पठारावर राहायला आले, तेव्हा शेण, पालापाचोळा आणि हा चोथा घालघालून तिने इथली मुरमाड माती लोण्यासारखी मऊ केली होती.

आता तिला ते आठवत नव्हतं. गुलाबाचं नाव आठवत नव्हतं, न्हाणीघराची वाट आठवत नव्हती. कधीकधी तर समोर बसलेले त्र्यंबकरावही आठवत नसत. एकेक दालन मिटत गेलं होतं, एकेक दीप मालवत गेला होता. आणि त्र्यंबकराव तिची वेणी घालत होते, तिला घास भरवत होते, तिची लुगडी धूत होते. थकवा त्यांच्या हाडांत उतरला होता, मुरला होता, तिथेच घर करून राहिला होता.

चुलीवर दूध उतू जाण्याचा वास आला म्हणून ते आत धावले. बाहेर आले तेव्हा कुमुदिनी गुलाबापाशी गुडघे टेकून बसली होती. कालच्या एस.टी.ने परतवाड्याहून मागवलेला कॉफीचा नवा डबा तिच्या मांडीशी आडवा पडला होता, रिकामा. ताज्या, सुवर्णपिंगट पुडीचा ढीग आळ्यात पडला होता, आणि तो ती दोन्ही हातांनी मातीत कालवत होती.

"कुमुद! अगं, काय केलंस हे? ताजी पूड आहे ती!"

"चोथा घालतेय," ती शांतपणे म्हणाली. "झाडं उपाशी आहेत."

आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सारं एकदम फुटलं.

"किती सांभाळू मी तुला? किती? मीही माणूसच आहे ना गं!"

तो आवाज दरीत गेला, कड्यावर आपटला, तसाच माघारी आला. कुमुदिनी दचकून उभी राहिली. मातीने माखलेले हात तिने पाठीमागे लपवले. मान खाली घातली. शुभ्र केसांची ती वृद्धा पुटपुटली,

"चुकलं, सर. पुन्हा नाही करणार."

सर!

वर्गातल्या किती अबोल, भेदरलेल्या मुलींनी त्र्यंबकरावांसमोर अशी मान खाली घातली होती! त्या रांगेत आज त्यांचीच कुमुद उभी होती.

त्यांनी तांब्याभर पाणी आणलं. तिला पायरीवर बसवलं. तिचे हात पुढे ओढून घेतले आणि एकेक बोट धुतलं. बोटांवरून तपकिरी ओघळ उतरले, त्यांतून कडवट, उष्ण, उन्मादक सुगंध उसळला, आणि सारं अंगण त्याने भरून गेलं.

"मी ओरडायला नको होतं," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळाच्या आठ्यांकडे, वाढलेल्या दाढीकडे, डोळ्यांखालच्या श्यामल वर्तुळांकडे. मग ओल्या तळव्याने तिने त्यांचा गाल पुसला.

"दमलात हो तुम्ही," ती म्हणाली.

तिने ओळखलं होतं का? कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं नाही. विचारण्याइतकंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी नुसतं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटून घेतले. आणि ती, तान्ह्याला निजवावं तशी, त्यांची पाठ थोपटू लागली. हळू. आणखी हळू.

समोर, दरीपल्याड, एका एकाकी मेघाची सावली रान ओलांडून आली. डोंगरउतारावर क्षणभर रेंगाळली. आणि मग, अंग टाकून, निवांत पसरली.