पडीक राहिलेलं हसू

आप्पासाहेबांच्या सिनेमा कंपनीची वाटणी वावरासारखी झाली, आणि यात काही चुकतंय असं भावकीत कुणालाच वाटलं नाही. वाटलं ते एकट्या शफीकला. पण तो पडला कंपनीचा एडिटर, त्याला कोण विचारतो? कात्री त्याच्या हातात होती, एवढंच.

कंपनी तशी जुनी. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत गाव सोडून गेलेल्या एका तंबूवाल्याचं प्रोजेक्टर आप्पासाहेबांनी घेतलं आणि करमाडच्या शेतीकडं पाठ फिरवून जत्राजत्रांतून सिनेमे दाखवत हिंडले. मग चिकलठाण्याला पत्र्याची शेड ठोकली आणि बायकोच्या नावानं पाटी लावली, 'चतुरा चित्र कंपनी'. टीव्ही आला तेव्हा त्याच पाटीवर 'आणि दूरचित्रवाणी' हे शब्द दाटीवाटीनं बसवले. लग्नं झाली, खताच्या जाहिराती झाल्या, आणि उतारवयात आप्पासाहेबांनी स्वतःच नायक होऊन एक सिनेमा काढला. शफीकनं तो जोडून तयार केला, आणि कुणाला दाखवायच्या आत आप्पासाहेब गेले.

तेरावा उरकला तसे तिघे पोरगे शेडमध्ये आले. थोरले काकासाहेब, मधले तात्यासाहेब, धाकटे कारभारी. कॅमेरा एकच, म्हणून तो विहिरीसारखा सामाईक ठेवला. ज्याची पाळी त्यानं वापरायचा, सूर्य मावळला की पुढच्याच्या दारात नेऊन ठेवायचा. या नियमापायी काकासाहेबांच्या मालिकेतली एक नवरी हार हातात घेऊन उभी राहिली ती तीन दिवस. मधल्या पाळ्या भावांच्या होत्या, त्याला नवरी काय करणार?

सिनेमाचं मात्र अडलं. सरळ तीन तुकडे केले असते तर पहिली गाणी थोरल्याला, मारामारी मधल्याला आणि सगळं रडणं धाकट्याला आलं असतं.

"असं कसं?" कारभारी म्हणाले. "काळी जिमीन तुमाला आन मुरमाड मला व्हय?"

मग शेताला करतात तेच केलं. चांगल्या-वाईट प्रत्येक तुकड्यात तिघांना वाटा, म्हणजे प्रत्येक प्रसंगाचे तीन भाग. गावाकडून मोजणीदार बोलावला. तो टेप धरायचा आणि शफीक कापायचा. स्वतः जोडलेलं स्वतःच कापताना त्याला भडभडून येत होतं, पण मोजणीदार म्हणत होता, "भाई, हात हालवू नका, उद्या भांडणं व्हतेल."

भांडणं झालीच. नायक तांब्यातून पाणी पितो त्या प्रसंगात तात्यासाहेबांनी बांध कोरला, असं कारभारींचं म्हणणं पडलं. हातभर फीत दोघंही सोडेनात. शेवटी वादातला बांध ठेवतात तशी ती पडीक ठेवायची ठरली. डबीत घालून दोघांच्या मोहरेची लाख लावली आणि डबी शफीकच्या कपाटात गेली.

राहता राहिली आई. तिलाही पाळी लागली. चार महिने एकाकडं, चार दुसऱ्याकडं, चार तिसऱ्याकडं. ज्या दिवशी पाळी संपायची त्या दिवशी चतुराबाईंचं गाठोडं चहाच्या आधीच ओट्यावर आलेलं असायचं. पाटीवर नाव बाईचं आणि पाटीखाली बाईला उभं राहायला जागा नाही, हे बघून शफीकचं डोकं फिरायचं.

अशी बरीच वर्षं गेली. एके दिवशी चतुराबाई रिक्षा करून शेडवर आल्या.

"शफीक, डोळे चाल्ले रं. डाक्टर म्हंतो आता काय उपेग नाय. तेवढं पिच्चर दाव मला."

"अम्मा, तुम्ही तर शूटिंगला होत्या."

"व्हते की. पैठणची नटी आली नाय म्हणून ह्यांनी मलाच तांब्या घेऊन उभं केलं. ह्यांनी पाणी घेतलं आन माझ्याकडं बघून हासले म्हणं. समद्या कंपनीनं बघितलं. मी कशी बघणार? सासरे तवा होते, म्होरं बसलेले, पदर पार नाकापतुर. घरात मानूस कधी हासलं नाय. ते एकदा बघून घेते."

ते हसू कुठं आहे हे शफीकला चांगलं ठाऊक होतं. ते तात्यासाहेबांची हद्द संपते तिथं सुरू होत होतं, कारभारींची सुरू होते तिथं संपत होतं, म्हणजे सगळं पडीक फितीत होतं.

तो तिघांच्या हातापाया पडला. आईचं मन म्हणून तिघे तयार झाले, पण आपले तुकडे दुसऱ्याच्या मशीनवर चढवायला कुणी राजी होईना. उद्या ताबा सांगितला तर? तेव्हा तिघांची तीन प्रोजेक्टरं आली आणि तीन भिंतींवर रोखली गेली. मध्ये ऑफिसची फिरती खुर्ची, खुर्चीत चतुराबाई, पायाशी त्यांचं नेहमीचं गाठोडं, मागं शफीक. दुपारी दार लोटून खेळ सुरू झाला.

काकासाहेबांच्या भिंतीवर आप्पासाहेब दारातून आत आले. शफीकनं खुर्ची फिरवली, तात्यासाहेबांच्या भिंतीवर ते बाजेवर बसले. पुन्हा फिरवली, कारभारींच्या भिंतीवर ते उठले. घोडाही तीन भिंती धावला. चतुराबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. चक्कर येत होती, पण थांब म्हणत नव्हत्या.

पाण्याचा प्रसंग आला. तात्यासाहेबांच्या भिंतीवर नाकापर्यंत पदर ओढलेल्या बाईच्या हातातून तांब्या आप्पासाहेबांच्या हातात गेला, त्यांनी मान वर केली, आणि भिंत काळी झाली. कारभारींनी ठरल्याप्रमाणे पडीक तुकड्याएवढा अंधार जाऊ दिला आणि मशीन लावलं. आप्पासाहेब रिकामा तांब्या परत देत होते. चेहरा नेहमीसारखाच, आंबट.

"हासले कुठं?" चतुराबाईंनी विचारलं.

शफीकनं खुर्ची सोडली, कपाट उघडलं आणि दोघांच्या देखत डबीची लाख नखानं फोडली.

"शफीकभाई, नोकरी जाईल," तात्यासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या साहेब. पण मशीनवर नाही लावत. ताबा कुणाचाच नाही."

त्यानं फीत म्हातारीच्या हातात दिली, दार सताड उघडलं आणि खुर्ची चौथ्या भिंतीकडं, त्या दाराकडं फिरवली. बाहेर जालना रोडवरचं ऊन. चतुराबाईंनी फीत उन्हात धरली, पार डोळ्याला लावली आणि एकेक चौकट अंगठ्यानं वर सरकवू लागल्या. मधे कुठंतरी अंगठा थांबला. बराच वेळ थांबला.

"एवढं हासता येत व्हतं," त्या म्हणाल्या, "आन घरी कधी आनलं नाय."

मागं तिघे भाऊ एकमेकांकडं बघत होते. फीत आता आईच्या हातात, आणि आई ज्याच्या घरात, फीत त्याच्या घरात.

"आई, चल, माझी पाळी हाय," काकासाहेब म्हणाले.

"तुमची कशी? माझी लागलीय," तात्यासाहेब म्हणाले.

कारभारींनी तर गाठोडंच उचललं.

चतुराबाईंनी मान वळवली नाही. "शफीक, खुर्ची धरून ठेव," त्या म्हणाल्या, आणि फीत पहिल्या चौकटीपासून पुन्हा सरकवू लागल्या. शफीकनं दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली.