हिल्काला पेट्रोलचं इंजिन नको होतं

माझी थोरली बहीण हिल्का जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होती. निवृत्त झाल्यावर तिनं अंगणात अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांबलचक, जाडजूड नळ आणून टाकले, त्यांची तोंडं स्वतः वेल्डिंग करून बंद केली आणि वर फळ्यांचा सपाट डेक चढवला. घरी बांधलेली पाँटून होडी. सपाट एवढ्यासाठी, की वाइनोची चाकाची खुर्ची धक्क्यावरून थेट आत ढकलता यावी.

वाइनो तिचा नवरा. आदल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. म्हणजे अगदीच गेला नाही, पण कागदाची सळसळ व्हावी तितकाच उरला.

होडीचं सगळ्यांनी कौतुक केलं. भांडण पेटलं ते मोटरवरून. वाइनोचा धाकटा भाऊ ताइस्तो बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं तिथल्या कॉफीच्या टपरीवर एक जुनं इंजिन आणून तिच्यासमोर ठेवलं.

"घे. फुकट. मी स्वतः उघडून साफ केलंय."

"नको. मी विजेची मोटर लावणार."

"विजेची? अगं, होडी सायमा सरोवरात घालतेयस की आंघोळीच्या टबात?"

टपरीवरचे सगळे हसले. हिल्कानं मान वळवून एकेकाकडे नीट पाहून घेतलं.

"टबात तुझं इंजिन लावलं तर घरातली माणसं गुदमरतील," ती म्हणाली.

ताइस्तो मग चिडून नाही, काळजीनं बोलला. "हे बघ, ही होडी म्हणजे पाण्यावर टाकलेलं दार आहे. वर कापडी छप्पर. समोरून वारा आला की बॅटरी बघता बघता रिकामी होईल. मग काय करशील?"

"हळू जाईन."

"आणि संपलीच तर?"

"वल्ही आहेत."

"अगं, पण कारण तरी सांग!"

"कारण सांगायला मी काय कोर्टात उभी आहे? होडी माझी, मोटर मी म्हणेन ती."

खरं सांगायचं तर मलाही ताइस्तोचं पटत होतं. पण हिल्का एकदा हट्टाला पेटली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिनं मोटरला पाण्यात सावकाश फिरणारा मोठा पंखा निवडला, बॅटरीची पेटी डेकच्या बरोबर मध्यावर बसवली आणि खाडीत फेऱ्या मारत मीटर वाचत राहिली. भरधाव गेलं की आकडा झरझर उतरायचा. वेग निम्मा केला की वीज निम्म्याहूनही कितीतरी कमी लागायची. तिला तेवढं पुरे होतं.

युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला आम्ही निघालो. दोघा भावांचं लहानपण ज्या बेटावरच्या केबिनमध्ये गेलं, तिथं जायचं होतं. ताइस्तो आपल्या बोटीतून सकाळीच पुढे गेला. आम्ही तिघं मागून.

पाणी स्थिर होतं. मोटरचा आवाज म्हणाल तर शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू असावं, इतकाच. अन् वाइनो बोलायला लागला.

"क्रौंच ओरडताहेत," तो कुजबुजला.

"ऐकतेय," हिल्का म्हणाली.

"डावीकडून घे. तिथं... खडक आहे."

तिनं होडी डावीकडे वळवली. वर्षभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आता तो वाट दाखवत होता. मी हिल्काकडे पाहिलं. "आता कळलं का कारण?" असं ती म्हणाली नाही. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मोकळ्या पाण्यात शिरलो आणि वारा उठला. थेट समोरून. आम्ही दोघींनी धडपडत छप्पर उतरवलं, तरी आकडा घसरतच होता. हिल्कानं एका खडकाळ बेटाच्या आडोशाला होडी नेली, नांगर टाकला, थर्मासमधली कॉफी ओतली आणि काळ्या पावाच्या आत भरून भाजलेले मासे कापायला घेतले.

थोड्याच वेळात ताइस्तो शोधत आला, इंजिन गर्जत, हातात दोर.

"बोललो होतो ना! बांध हा दोर!"

वाइनोचे ओठ हलले.

"काय म्हणतोय तो? पाणी हवंय का त्याला?" ताइस्तो हिल्कालाच विचारत होता.

"त्याला विचार. तो बसलाय समोर."

"ऐकू येत नाही!"

"मग ते यंत्र बंद कर!" हिल्का ओरडली. "वर्षभर त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतोयस. एकदा बंद कर आणि ऐक!"

ताइस्तो लालबुंद झाला. वाटलं, निघून जातो हा. पण त्यानं इंजिन बंद केलं. नळांखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं.

"दोर... नको," वाइनो म्हणाला. "आम्ही मजेत आहोत. आणि तू... लहानपणापासून... फार बोंबलतोस."

ताइस्तो असा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. आपली बोट आमच्या होडीला बांधून तो वर आला आणि भावाच्या खुर्चीशी, कान त्याच्या तोंडाजवळ नेऊन, फळ्यांवर बसला. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्ही ऐकलं नाही. आम्ही मासे खाल्ले.

संध्याकाळी वारा पडला. ताइस्तोनं पुन्हा दोर उचलला. हिल्कानं नुसतं बोट दाखवलं, तसा तो निमूट आपल्या बोटीत गेला.

बॅटरी बेटाच्या धक्क्याअलीकडे, लव्हाळ्यांत संपली. होय, संपली. आम्ही दोघींनी वल्ही मारली. हिल्काच्या तळव्यांना फोड आले. ताइस्तो धक्क्यावरून पाण्यात उतरायला निघाला.

"हात लावलास तर बघ!" ती ओरडली. तो तसाच उभा राहिला.

केबिनची वायर अगदीच बारकी. बॅटरी भरायला पुढचा अख्खा दिवस गेला, म्हणून मुक्काम वाढला. ताइस्तो त्याबद्दल येताजाता कुरकुरत होता. पण निघायला तो मोकळा असूनही निघाला नाही. सकाळपासून दोघं भाऊ डेकवर गळ टाकून बसले होते.