एका हाकेत तीन बस

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. दोन अक्षरांचा. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. लिहायला शिकणारं पोर मला पहिल्या आठवड्यातच गिरवतं. बस. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं कोणी माझ्याबद्दल म्हटलं की पूर्वी मी फुगायचो. आता भीती वाटते. चाकणची हर्षाली माझं ऐकून खाली बसली, तेव्हापासून.

ते सांगण्याआधी माझं कूळ सांगायला हवं, नाहीतर घात कसा झाला ते तुम्हाला कळायचं नाही.

खरं तर मी एकटा नाहीच. आम्ही तिघं आहोत, एकाच तोंडवळ्याचे आणि एकमेकांचे कोणीही नसलेले. पहिला संस्कृताच्या घरचा. ‘उपविश’ असं भारदस्त नाव होतं त्याचं. लोकांच्या तोंडी झिजत झिजत ‘बैस’ झालं आणि पुढे ‘बस’. पाहुण्याला पाट मांडून म्हणतात तो हा. दुसरा फारसीतून आला, लष्कराबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर. त्याचा अर्थ पुरे. पंगतीत ताटावर हात आडवा धरून तुम्ही म्हणता तो. तिसरा सगळ्यात नवा आणि सगळ्यात गमतीचा. लॅटिनमध्ये ‘ऑम्निबस’ म्हणजे सगळ्यांसाठी. सगळ्यांना नेणाऱ्या गाडीला ते नाव पडलं आणि मग आळशी लोकांनी पुढचं सारं टाकून नुसतं शेपूट ठेवलं. म्हणजे ‘सगळ्यांसाठी’मधलं ‘साठी’ तेवढं उचलावं आणि त्यात चढून कामाला जावं, तसं झालं!

जगभर हिंडलो मी. अरबी बोलणारे मला ‘पण’ म्हणूनही वापरतात आणि ‘फक्त’ म्हणूनही. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली लोक ‘बासी’ म्हणतात, त्यात पुरेही आलं नि गाडीही आली. तुर्कस्तानात मात्र माझ्यासारखाच आवाज काढून ‘दाब’ म्हणतात. तिथे ड्रायव्हरला ‘बस’ म्हणून ओरडलात तर तो ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवेल. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. मराठीत तरी मी कुठे साधा आहे? मार बसतो, चटका बसतो, धक्का बसतो, आणि भीतीने दातखीळ बसते तीही माझ्याच नावावर.

चाकणला कांदा बाजाराच्या मागे सोनबांची जागा आहे. पूर्वी तिथे कांदे-बटाटे निघायचे, आता कंपन्यांच्या बस उभ्या राहतात. जागा भाड्याने दिली तरी सोनबांना घरात करमत नव्हतं. जागा अरुंद, गाड्या मागे घेतच रस्त्यावर काढाव्या लागतात. म्हणून रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी ते फाटकाशी उभे राहून ओरडत, “यू द्या, यू द्या, यू द्या... बस!” की ड्रायव्हर ब्रेक मारायचा. त्यांच्या तोंडी मला फार मान होता.

त्याच फाटकाशी माझा आणखी एक गजर चालायचा. उशीर झालेले कामगार डबा सांभाळत पळत यायचे आणि हाक मारायचे, “ए, बस! बस!” कोणी बीडचे, कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे. बोली निरनिराळ्या, हाक एकच. एका फाटकात दोन अर्थ रोज एकमेकांना घासून जात होते आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. पण शब्दाला कुठे तोंड असतं? तोंड तुमचं.

त्या सकाळी कांद्याचा एक ट्रक रस्त्यात आडवा लागला, म्हणून सोनबा त्याला हटवायला पलीकडे गेले होते. त्यांची नात हर्षाली, पहिलीतली शहाणी पोर, त्यांना चहाला बोलवायला घरातून निघाली. त्याच वेळी निरंजन, ओडिशाहून आलेला नवा ड्रायव्हर, बस मागे घेत फाटकाकडे येत होता. पोर नेमकी बसच्या मागे आली. सोनबांनी रस्त्यापलीकडून ते पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले.

“बस! बस! बस!”

त्यांच्या तोंडातून मी पुरे होऊन निघालो. पुरे, थांबव. ट्रकच्या घरघरीतून निरंजनच्या कानापर्यंत पोहोचेतो मी गाडी झालो होतो. त्याला वाटलं, उशीर झालेला कोणी मागून पळत येतोय. बिचाऱ्याचा स्वभाव चांगला. कोणाचा खाडा होऊ नये म्हणून त्याने आवाजाच्या दिशेने बस आणखी जोरात मागे घेतली. आणि हर्षालीच्या कानात शिरताना मी माझं सगळ्यात जुनं रूप घेतलं. आबा बस म्हणतायत. ती चाकाच्या वाटेत मांडी घालून बसली.

मला परत फिरता येईना. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द म्हणतात ना, तो शब्द मी होतो.

बसच्या शेवटच्या सीटवर कामाला निघालेली तनुजा होती. मागच्या काचेतून तिला एक लहान डोकं दिसत होतं, ते एकाएकी दिसेनासं झालं. ती एक शब्द बोलली नाही. हातातला स्टीलचा डबा तिने खिडकीबाहेर काढला आणि बाहेरच्या पत्र्यावर धाडधाड आपटत सुटली. पत्र्यावरच्या थापेचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो. निरंजनने करकचून ब्रेक दाबला.

हर्षालीच्या फ्रॉकची कड टायरखाली गेली होती. कडच तेवढी.

सोनबा धावत आले ते निरंजनची गचांडी धरायलाच. “आरं, कान फुटलं व्हय तुजं? बस बस म्हनून वरडतोय न्हवं मी!”

निरंजनने हात जोडले. “बाबा, मुझे लगा कोई बस के लिए चिल्ला रहा है. इसीलिए तो पीछे लिया.”

तनुजाने खाली उतरून कड फाडली आणि पोरीला उचललं. “अगं बाई, पळायचं सोडून खाली का बसलीस तू?”

हर्षालीने सोनबांकडे बोट दाखवलं. “आबाच म्हनलं, बस. मंग मी बसले.”

सोनबांची मूठ सुटली. एवढा रगेल माणूस, पण त्या दिवशी निरंजनच्याच खांद्याला धरून रडला.

आता सोनबा हात आडवा करून “थांब” म्हणतात, आणि निरंजन कसलीही हाक आली की आधी ब्रेक दाबतो. पण एक फाटक सुधारलं म्हणून काय झालं? निगडीत, रहाटणीत, चाकणच्या प्रत्येक वळणावर उद्या सकाळीही गाड्या मागे येतील. कोणीतरी घाबरून मला तोंडाबाहेर सोडील, आणि कोणाच्या कानात मी काय होऊन शिरेन, हे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो. जिथे चाक फिरतं, जिथे यंत्र चालतं, तिथे मला एकट्याला पाठवू नका. ‘गाडी थांबव’ म्हणा, माणसाचं नाव घ्या, हात दाखवा, पत्रा बडवा. शाळेत बाई अजूनही मला रोज उच्चारतात आणि सगळा वर्ग खाली बसतो. हर्षाली बसत नाही. ती आधी वळून मागे बघते, आणि मग बाकाला धरून तशीच उभी राहते. तिला बसायला सांगायचं असेल तर माझं नाव नंतर घ्या. आधी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणा, “मागे काही नाही गं, बाळा.”